हिमकणांचा छायाचित्रकार

आपल्याकडे वळवाच्या पावसांत गारा पडतात. परंतु गार म्हणजे हिम नव्हे. थंड प्रदेशांत ढगांतील वाफ पाणी न होतां एकदम गोठते आणि तिचे नाजूक, बहुधा सहा पाकळ्यांचे स्फटिक बनतात. असा स्फटिक दोन-चार मिलिमीटरांहून क्वचितच मोठा असतो आणि श्वासाची ऊब लागतांच नाहींसा होतो. त्याचें छायाचित्र घ्यावें कसें, आणि घेतलेलें चित्र खरें मानावें कीं नाहीं, हे दोन प्रश्न एका शेतकऱ्याच्या आयुष्याशीं निगडित झाले.

अमेरिकेंतील व्हरमाँट संस्थानांत जेरिको नांवाचें गांव आहे. तेथें ९ फेब्रुवारी १८६५ रोजीं विल्सन बेंटलेचा जन्म झाला. आई पूर्वी शिक्षिका होती. मुलाचें बरेंचसें शिक्षण तिनेंच घरीं केलें आणि पंधराव्या वर्षीं त्याच्या हातीं एक सूक्ष्मदर्शक दिला. तो हिमकण पाहून त्यांचीं चित्रें काढूं लागला. परंतु चित्र पुरें होण्याच्या आंत कण वितळून जाई. पुढें वडिलांनीं कॅमेरा घेऊन दिला. शेतकरी कुटुंबाला तो खर्च लहान नव्हता. १५ जानेवारी १८८५ रोजीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, पहिलें चित्र साधलें.

लांकडें ठेवण्याची थंडगार पडवी हीच त्याची प्रयोगशाळा. काळ्या फळीवर हिम झेलावयाचें, एखादा कण काडीनें उचलून कांचेवर ठेवावयाचा, पिसानें हलकेच दाबून बसवावयाचा, आणि हें सारें श्वास आवरून! परंतु खरी अडचण थंडीची नसून उजेडाची होती. कणावर समोरून प्रकाश पाडला तर तो नुसता पांढरा दिसतो, आंतील रेषा लोपतात. म्हणून बेंटलेनें कॅमेऱ्याचें तोंड खिडकीकडे केलें. दिवसाचा मंद उजेड मागून येऊन पारदर्शक स्फटिकांतून पार जाई, आणि कडा, खोबणी व आंत अडकलेली हवा यांपाशीं तो वांकल्यामुळें सारी घडण उमटे. बारकावा साधावा म्हणून भिंगापुढील छिद्र तो अगदीं लहान ठेवी. त्यामुळें कांच बराच वेळ उघडी ठेवावी लागे.

मात्र या युक्तीनें दुसरी पंचाईत झाली. उजळ पार्श्वभूमीवर उजळ कण उठून दिसेना. तेव्हां बेंटले मूळ निगेटिव्हची दुसरी प्रत करी आणि त्या प्रतीवरील कणाभोंवतींचा थर चाकूनें खरडून काढी. खरडलेली जागा छापतांना काळीभोर येई. डोळ्यांत भरणारे ते शुभ्र तारे या चाकूचे ऋणी आहेत.

यावरच वाद पेटला. जर्मन हवामानशास्त्रज्ञ गुस्टाव्ह हेलमन याच्या सांगण्यावरून रिचर्ड नॉयहाउस यानेंहि हिमकणांचीं छायाचित्रें घेतलीं होतीं, आणि हेलमनचें पुस्तक १८९३ मध्यें प्रसिद्ध झालें होतें. त्यांच्या चित्रांतले कण बेंटलेच्या कणांइतके रेखीव नव्हते. बेंटले चित्रांत फेरफार करतो, असा आक्षेप जर्मनांनीं घेतला. चित्र निसर्गाशीं अधिक प्रामाणिक होत असेल तर हात फिरविण्यांत दोष नाहीं, अशी बेंटलेची भूमिका होती.

निवाडा देणें सोपें नाहीं. मूळ निगेटिव्ह तो राखून ठेवी, म्हणून लबाडीचा आरोप टिकत नाहीं. तरीहि कडेपर्यंत चाकू नेणारा हात चुकूं शकतो, हें मान्य करावें लागेल. त्याहून मोठा दोष, दोष म्हणावयाचा तर, निवडीचा होता. फळीवर पडलेल्या असंख्य मोडक्या, वांकड्या कणांतून तो सुडौल तेवढे उचली. चाकूवर इतकें रण माजलें, पण खरा फरक काडीनेंच केलेला होता.

१९३१ च्या नोव्हेंबरांत, हम्फ्रीज या पदार्थवैज्ञानिकाच्या साहाय्यानें, दोन हजारांहून अधिक चित्रांचें त्याचें पुस्तक निघालें. तोंवर पांच हजारांवर कण त्यानें टिपले होते. त्याच वर्षीं २३ डिसेंबरला न्युमोनियानें तो वारला.

तें पुस्तक जपानांत उकिचिरो नाकाया या पदार्थवैज्ञानिकाला स्फूर्तिदायक ठरलें. होक्काइदो बेटावर त्यानें सुमारें ३००० कणांचीं छायाचित्रें घेतलीं, आणि आपल्या वर्गीकरणांत वांकड्यातिकड्या कणांनाहि जागा दिली. कोणत्या उष्णतामानांत व किती दमटपणांत कोणता आकार बनतो हें त्याला शोधावयाचें होतें. त्यासाठीं १२ मार्च १९३६ रोजीं त्यानें प्रयोगशाळेंत पहिला कृत्रिम हिमकण वाढविला, तो सशाच्या एका केसावर.