चारशे वर्षांची निगा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, तहनामे आणि लढाया उभ्या राहतात. परंतु उथळ कुंडीत वाढलेल्या एखाद्या झाडालाही इतिहास असतो. आणि त्यात राजांपेक्षा पाणी घालणाऱ्या साध्या माणसांचा भाग मोठा असतो.

झाड कुंडीत लहान राखण्याची विद्या मुळात चीनची. तेथील राजपुत्र चांगह्वाय याच्या इ. स. ७०६ मधील कबरीच्या भिंतीवर, छोटे खडक आणि रोपे मांडलेले तबक घेऊन जाणारा सेवकवर्ग रंगविलेला आहे. पुढे ही विद्या जपानात गेली आणि ‘बोन्साय’ हे नाव घेऊन जगभर पसरली. बोन म्हणजे तबक, साय म्हणजे लावणे.

जपानच्या जुन्या नोह रंगभूमीवर या झाडांचे एक नाटक आहे. बर्फ पडत असलेल्या रात्री एक भिक्षू गरीब सामुराईच्या दारी आसरा मागतो. घरात सरपणाची काडी नाही. वैभवाच्या दिवसांतली तीनच झाडे उरलेली असतात: एक प्लमचे, एक चेरीचे, एक पाइनचे. पाहुण्याला ऊब मिळावी म्हणून सामुराई ती तोडून शेकोटीत घालतो. तो भिक्षू म्हणजे वेष पालटून हिंडणारा होजो तोकियोरी, एके काळी राज्याची सूत्रे हाती असलेला पुरुष! पुढे तो यजमानाला तीन जहागिरी देतो, आणि त्यांच्या नावांत त्या तीन झाडांचीच नावे गुंफलेली असतात.

या त्यागाचे मोल कळायला आधी निगा म्हणजे काय ते कळले पाहिजे. झाडाला उपाशी ठेवून खुजे करतात, असा पुष्कळांचा समज आहे. पण उपाशी झाड खुजे होत नाही, ते मरते. कुंडीतली माती ती किती! उन्हाळ्यात तिला रोज, कधी दोनदाही पाणी द्यावे लागते. काही वर्षांनी झाड हलकेच बाहेर काढून वाढलेली मुळे छाटायची आणि नवी माती द्यायची, म्हणजे कोवळी मुळे फुटतात. नवे कोंब वेळीच खुडायचे. फांदीला वळण देण्यासाठी तार गुंडाळायची आणि ती सालीत रुतण्याआधी सोडवायची. यात अवघड असे काहीच नाही. अवघड एवढेच, की ते कधी थांबवायचे नाही.

अशाच निगेने वाढलेले एक पांढरे पाइन हिरोशिमात यामाकी घराण्याकडे होते. त्याची जोपासना १६२५ पासूनची. त्या वेळी शिवछत्रपतींचा जन्म व्हायचा होता आणि मलिक अंबर हयात होता. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता शहरावर अणुबाँब पडला. मासारू यामाकी यांची बाग तेथून सुमारे दोन मैलांवर होती. घराच्या काचा फुटून आतल्या माणसांना लागल्या, पण ती बचावली. आणि बागेभोवतीच्या उंच भिंतीने झाडे वाचवली. मात्र भिंत पाणी घालीत नाही. दिवस भर उन्हाळ्याचे होते. झाड जगले, त्या अर्थी शहराची राख झालेली असताना, त्या दिवसांतही कोणीतरी झारी उचललीच असली पाहिजे.

त्यानंतर ३१ वर्षांनी, १९७६ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली. जपानने त्या राष्ट्राला ५३ बोन्साय भेट दिले. त्यांत यामाकींचे हे झाड होते. ज्या देशाच्या विमानाने बाँब टाकला, त्याच देशाला घराण्याचे सर्वांत मोलाचे धन गेले. आणि देताना त्याच्या हकिगतीचा गवगवा झाला नाही. २००१ साली यामाकींचे दोन नातू आजोबांचे झाड पाहायला वॉशिंग्टनला गेले, तेव्हा कुठे ते बाँबमधून वाचलेले आहे हे संग्रहालयातल्या मंडळींना समजले.

नाटकातल्या सामुराईने झाडे पाहुण्यासाठी जाळली; यामाकींनी आपले झाड एके काळच्या शत्रूच्या अंगणात जगायला पाठवले. दोघांनीही आयुष्यभर जपलेलेच देऊन टाकले. जो रोज निगा राखतो त्याला कदाचित इतरांच्या आधी उमगत असावे, की झाड आपल्या मालकीचे नसते. आपल्या पाळीपुरते ते आपल्याकडे असते. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात ते पाइन आजही हिरवे आहे. त्याला पाणी घालणारे हात आता दुसऱ्या देशाचे आहेत, एवढेच.