हिंदूरावची कोठी आणि पहिलं पिस्तूल



एरवी आपण या मालिकेत गड, लढाया आणि तह यांच्याबद्दल बोलतो. आज सुरुवात एका घरगुती प्रश्नाने करतो. प्रश्न माझ्या भाच्याचा आहे आणि तो त्याने मला दिल्लीत, हिंदूराव रुग्णालयाच्या आवारात विचारला.

भाचा आमच्या खानापूर तालुक्यातला, विट्याजवळचा. गलाईच्या धंद्यात आहे. जुनं सोनं आटवून चोख करणारी आमच्या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर पसरलेली आहेत, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. मद्रास, कलकत्ता, लुधियाना, दिल्ली, कुठेही जा, सराफ बाजाराच्या एखाद्या बोळात मराठी ऐकू येतं. भाच्याचा गाळा चांदणी चौकाच्या बाजूला आहे. त्याच्याकडचा एक कारागीर माल घेऊन येत असताना मोटरसायकलवरच्या दोघांनी त्याला स्कूटरवरून खाली पाडलं. पिशवी वाचली, पण पाय मोडला. त्याला बघायला आम्ही दोघं गेलो होतो.

बाहेर आल्यावर भाचा म्हणाला, "मामा, परवाना हातात आलाय. आता पहिलं पिस्तूल कुठलं घेऊ? तुमचं सगळं आयुष्य त्यातच गेलंय."

मी म्हणालो, "सांगतो. पण आधी तू कुठे उभा आहेस ते ऐक."

हिंदूराव म्हणजे हिंदूराव घाटगे. कागलच्या घाटग्यांपैकी. पुढे ज्या कागलच्या घाटगे घराण्यातून राजर्षी शाहू महाराज कोल्हापूरला दत्तक गेले, तेच हे नाव. हिंदूरावचे वडील सर्जेराव घाटगे दौलतराव शिंद्यांचे कारभारी आणि बहीण बायजाबाई दौलतरावांची पत्नी. दौलतराव १८२७ मध्ये वारल्यावर बायजाबाईंनी ग्वाल्हेरचा कारभार पाहिला. १८३३ मध्ये त्यांना ग्वाल्हेर सोडावं लागलं. हिंदूरावही तिथून निघाला आणि अखेर दिल्लीत स्थिरावला. उत्तर दिल्लीच्या टेकडीवरची, म्हणजे रिजवरची, एक मोठी कोठी त्याने घेतली. आज त्याच जागी महापालिकेचं हे रुग्णालय आहे आणि एका मराठी सरदाराचं नाव दिल्लीकर रोज रिक्षावाल्याला सांगतात.

पण ही कोठी हिंदूरावकडे आली कशी? ती आधी विल्यम फ्रेझर या कंपनी सरकारच्या दिल्लीतल्या बड्या अधिकाऱ्याची होती. २२ मार्च १८३५ च्या संध्याकाळी फ्रेझर घोड्यावरून घरी परतत होता. वाटेत करीम खान नावाच्या स्वाराने जवळ येऊन त्याला गोळी घातली. हत्येमागे फिरोजपूर झिरक्याचा नवाब शम्सुद्दीन अहमद खान असल्याचं ठरलं. पुढे कवी म्हणून गाजलेल्या दाग देहलवीचा हा बाप. करीम खान आणि नवाब दोघेही त्याच वर्षी फासावर गेले.

भाच्याला मी म्हटलं, "हा या जागेचा पहिला धडा. फ्रेझर दांडगा माणूस, शिकारी, लढाया पाहिलेला. मारणाऱ्याने वेळ निवडली, जागा निवडली आणि अगदी जवळ येऊन चाप ओढला. अशा वेळी तुझ्या कमरेला काय आहे याला फारसा अर्थ उरत नाही. त्या कारागिराकडे पिस्तूल असतं तर स्कूटरवरून पडता पडता त्याने ते कधी काढलं असतं?"

भाचा काही बोलला नाही. मी पुढे गेलो.

हिंदूराव १८५७ च्या आधीच वारला. उठाव झाला, दिल्ली शिपायांच्या हाती गेली आणि जून १८५७ मध्ये इंग्रजी फौज या रिजवर येऊन बसली. हिंदूरावची कोठी हे तिचं सगळ्यात महत्त्वाचं ठाणं ठरलं, कारण तिथून शहराची तटबंदी समोर दिसते. मेजर चार्ल्स रीड याच्या हाताखाली सिरमूर बटालियनचे गुरखे आणि सोबत ६० व्या रायफल्सच्या तुकड्या इथे होत्या. सप्टेंबरपर्यंत त्यांच्यावर सव्वीस हल्ले झाले. सिरमूर बटालियनचे ४९० पैकी ३२७ जण ठार किंवा जखमी झाले. हीच पलटण पुढे दुसरी गुरखा रायफल्स झाली आणि १९४७ च्या वाटणीत ब्रिटिश सैन्याकडे गेली.

आता भाच्याच्या प्रश्नाशी याचा संबंध काय? त्या काळी इंग्रज अधिकारी आपलं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या खिशातून विकत घेत. त्यामुळे "पहिलं पिस्तूल कुठलं?" हा प्रश्न तेव्हाच्या प्रत्येक कोवळ्या लेफ्टनंटला पडलेला असे. बाजारात मुख्य दोन नावं होती. एक अमेरिकन कोल्ट नेव्ही. सहा गोळ्या, .३६ ची हलकी गोळी, नेम उत्तम. पण प्रत्येक गोळीआधी अंगठ्याने घोडा मागे ओढायचा. दुसरं इंग्रजी बोमाँट-अ‍ॅडम्स, १८५६ च्या सुमाराचं. गोळ्या पाचच, पण मोठ्या. नुसता चाप ओढला की घोडा आपोआप मागे जाऊन पडायचा.

फॉसबेरी नावाच्या, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या अधिकाऱ्याने पुढे सांगितलेली त्या उठावातली एक हकिगत शस्त्रांच्या जाणकारांत प्रसिद्ध आहे. आपल्या नेमबाजीचा अभिमान असलेला एक इंग्रज अधिकारी. हातात कोल्ट नेव्ही. समोरून तलवार घेतलेला एक धिप्पाड शिपाई धावत आला. अधिकाऱ्याने गोळ्या झाडल्या, त्या छातीत बसल्या, पण शिपाई थांबला नाही. पोचला आणि त्याने अधिकाऱ्याला कापून काढलं. यावरून लोकांनी निष्कर्ष काढला की गोळी मोठी हवी. इंग्रजी सैन्याची पिस्तुलं पुढे .४५५ पर्यंत गेली ती याच विचाराने.

मला यातून आणखी एक गोष्ट दिसते. त्या अधिकाऱ्याचा नेम चांगला होता, पण तो निशाणावरचा नेम होता. निशाण धावून येत नाही. पिस्तूल निवडताना माणूस बहुधा आपल्या चांगल्या दिवसाचा विचार करतो. हत्यार मात्र वाईट दिवशी चालवायचं असतं. हात थरथरत असतात, अंधार असतो, मागे घरातली माणसं असतात.

सप्टेंबर १८५७ मध्ये दिल्ली पडली. २२ सप्टेंबरला हडसनने शरण आलेल्या तीन मुघल शहजाद्यांना शहराच्या दरवाजाजवळ, एका जवानाची कार्बाइन हातात घेऊन, स्वतः गोळ्या घातल्या. निःशस्त्र माणसावर हत्यार चालवणाऱ्याला तेव्हा कुणी जाब विचारला नाही. जाब विचारला गेला तो जिंकलेल्या लोकांना. हत्यारं काढून घेणारे कायदे १८५७ मध्ये आणि १८६० मध्ये आले, आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात हिंदुस्थानचा शस्त्र कायदा पक्का झाला. हिंदी माणसाला परवाना लागे, युरोपियनाला सूट. कूर्गच्या कोडव लोकांना मात्र वेगळी सूट मिळाली, ती आजही चालू आहे. बाकी ज्या घरात दसऱ्याला शस्त्रपूजा व्हायची, तिथे एखादी गंजकी तलवार आणि आजोबांची गोष्ट एवढंच उरलं. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला होता.

त्या काळात महाराष्ट्रात पिस्तूल आलं ते चोरवाटेने. १९०९ मध्ये लंडनहून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन याच्या पेटीतल्या चोरकप्प्यातून मुंबईला पाठवली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे याने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फासावर गेले. खटल्यात पिस्तुलाचा माग नाशिकपासून लंडनपर्यंत काढला गेला. ती क्रांतिकारकांची गोष्ट आहे, आपल्या घरगुती पिस्तुलाशी तिची तुलना नको. पण एक बाब तिथेही तीच आहे. हत्यार आपल्या हातातून सुटलं तरी त्याचा माग आपल्यापर्यंत येतो.

आता आजचं बोलू.

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा, त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे आणि मोठी दुरुस्ती २०१९ ची. त्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. लग्नात, वरातीत बेपर्वाईने हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

पिस्तुलाचा बोअरही बऱ्याच अंशी कायदाच ठरवतो. लष्कराची, पोलिसांची ९ मिलिमीटरची गोळी सामान्य नागरिकाला निषिद्ध. म्हणून घरगुती परवान्यावर बहुतेकांच्या हातात .३२ येतं. कोल्ट आणि अ‍ॅडम्सचा जुना वाद, म्हणजे गोळी केवढी हवी, आपल्यापुरता सरकारने मिटवून टाकला आहे. परदेशी हत्यारांची खासगी आयात १९८० च्या दशकात बंद झाल्यापासून जुनी विलायती पिस्तुलं हातोहात फिरतात आणि त्यांच्या किमती लाखांत जातात. भाच्याच्या मनात तसलंच एक होतं. मी म्हटलं, "सोनं घेताना तू शिक्का बघतोस की कस? मग इथे नावावर का जातोस? पन्नास वर्षं वापरलेल्या पिस्तुलाची स्प्रिंग आणि मॅगझिन कुठून आणणार?"

देशी माल बहुतांशी कानपूरचा. आयुध निर्माणीचं जुनं .३२ रिव्हॉल्व्हर, वेब्लीच्या धर्तीचं, मधून दुमडून उघडणारं. २०१४ मध्ये आलेलं निर्भीक, सुमारे अर्ध्या किलोचं, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. २०२३ मध्ये आलेलं प्रबल, ज्याचं चक्र बाजूला सरकून उघडतं. आणि मॅगझिनचं पिस्तूल हवं तर .३२ चं अशनी.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? नवख्याला मी रिव्हॉल्व्हर सांगतो. चक्र उघडलं की गोळ्या आहेत की नाहीत ते डोळ्यांना दिसतं. गोळी फुटली नाही तर पुन्हा चाप ओढायचा, चक्र पुढे जातं. चाप जड असतो, तो चुकून ओढला जाण्याची शक्यता कमी. मॅगझिनच्या पिस्तुलात गोळ्या जास्त आणि ते चपटं असल्याने बाळगायला सोपं. पण मॅगझिन काढलं तरी एक गोळी नळीत राहू शकते, हे नवखा विसरतो.

नवखाच कशाला, मीही विसरलो होतो. तरुण कॅप्टन असताना एका रात्री गस्तीवरून परत आलो. कमरेला ९ मिलिमीटरचं सरकारी पिस्तूल, तेरा गोळ्यांचं. नियम असा की आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढून नळी रिकामी करायची. झोप आली होती. मी क्रम उलटा केला. आधी स्लाइड ओढली. एक गोळी बाहेर पडली आणि मॅगझिनमधली दुसरी नळीत गेली. मग मॅगझिन काढलं. त्या पिस्तुलात मॅगझिन नसताना चाप चालत नाही, म्हणून घोडा उतरवायला रिकामं मॅगझिन लावलं आणि चाप ओढला. गोळी सुटली.

ती वाळूच्या खड्ड्यात गेली, कारण आमच्या सुभेदार साहेबांनी मला एक सवय लावली होती: हत्यार रिकामं असो वा भरलेलं, तोंड वाळूकडेच. समोर चार पावलांवर माझा रेडिओवाला जवान उभा होता. मला चौकशीला सामोरं जावं लागलं, आणि ते योग्यच होतं. पण शिक्षेपेक्षा त्या जवानाचा चेहरा आजही आठवतो. तो मला काही बोलला नाही. सॅल्यूट करून गेला.

हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट वळून बघायला लागला. त्याची मुलगी सहा वर्षांची आहे.

मग मी त्याला क्रम सांगितला, तोच तुम्हालाही सांगतो. आधी गरज तपासा: माल नेण्याची वाट आणि वेळ बदलून, दोन माणसं सोबत देऊन, विमा उतरवून भागतं का? मग घरात ते ठेवणार कुठे ते ठरवा; भिंतीत पक्की बसवलेली कुलपाची पेटी हत्याराच्या आधी घरात यायला हवी, आणि तिची किल्ली लहान मुलांना ठाऊक नसावी. मग रीतसर प्रशिक्षण. मग हातात धरून बघा: मूठ तळहातात बसते का, बोटाचं पहिलं पेर चापावर सहज पोचतं का, जड चाप ओढताना नळी हलते का. किंमत आणि नाव सगळ्यात शेवटी. आणि एक लक्षात ठेवा, स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेतही आहे, पण तो गरजेपुरता आहे. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर तुमचा परवाना तुम्हाला वाचवणार नाही.

भाचा नंतर तीन रविवार रेंजवर गेला. पहिल्या दिवशी सात मीटरवरून त्याच्या सहापैकी दोनच गोळ्या कागदाला लागल्या. रात्री त्याने फोन केला. म्हणाला, "मामा, गाळ्यात माझ्या आजूबाजूला आठ माणसं असतात. बाकीच्या चार कुणाला लागल्या असत्या?"

मी म्हटलं, "आता तू पिस्तूल निवडायला लागलास."

त्याने पेटी बसवली आहे. माल आता दोघं जण, वेगवेगळ्या वाटांनी नेतात. कारागीर चालायला लागला. परवान्यावर हत्यार घ्यायची मुदत अजून शिल्लक आहे आणि भाचा अजून सराव करतोय. घेईल तेव्हा कुठलं घ्यायचं हे तो मला विचारणार नाही, त्याचं त्याला कळेल.

दिल्लीला गेलात तर हिंदूराव रुग्णालयाच्या बाजूने रिजवर जरूर चालून या. फिरोजशाह तुघलकाने मेरठहून आणलेला अशोकस्तंभ तिथे आहे. स्फोटात त्याचे तुकडे झाले होते, ते जोडून १८६७ मध्ये तो पुन्हा उभा केला. जवळच १८५७ चं स्मारक आहे, आता अजितगड म्हणतात. आणि रुग्णालयाच्या फाटकातून रोज शेकडो माणसं जखमा बऱ्या करून घ्यायला आत जातात, जिथे एकेकाळी तोफा लावल्या होत्या.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.