नैराश्यरोधक औषधे आणि रुग्णाची साक्ष : मुंबईपासून नारायणगडापर्यंत

(१)

औषधांचा इतिहास बहुधा शोधकर्त्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणते द्रव्य कोणत्या प्रयोगशाळेत सापडले, ते प्रथम कोणी वापरले, त्यास कोणता सन्मान लाभला, याची साद्यंत नोंद त्यात असते. परंतु ते औषध ज्यांनी वर्षानुवर्षे घेतले, त्यांना कोणता त्रास झाला आणि तो त्यांनी कसा निभावून नेला, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. नैराश्यरोधक औषधांच्या बाबतीत ही उणीव विशेष खटकते. कारण या औषधांचा जन्मच मुळी आनुषंगिक परिणामांच्या निरीक्षणातून झाला, आणि त्या परिणामांविषयीचे पुष्कळसे ज्ञान रुग्णांच्या सांगण्यातून सिद्ध झाले.

‘दुष्परिणाम’ हा शब्द मराठीत रूढ असला, तरी इतिहासाच्या दृष्टीने ‘आनुषंगिक परिणाम’ ही संज्ञा अधिक निर्दोष होय. एका रोगात जो परिणाम उपद्रवकारक ठरतो, तोच दुसऱ्या रोगात उपचार ठरू शकतो. तो सुसह्य आहे की असह्य, याचा निर्णय औषधाच्या रसायनावर जितका अवलंबून असतो, तितकाच रुग्ण आणि वैद्य यांच्यामधील अंतरावरही असतो. हे अंतर केवळ कोसांचे नसून भाषेचे आणि संकोचाचेही असते. प्रस्तुत विवेचनाचे सूत्र हेच आहे.

(२)

या इतिहासाचा एक महत्त्वाचा आरंभबिंदू मुंबईत आहे. सर्पगंधा ही वनस्पती भारतीय वैद्यकात पूर्वापार ज्ञात होती. इ. स. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाबवृद्धी यांवरील तिच्या उपयोगाविषयी निबंध प्रसिद्ध केला. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील अनुभव १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला, आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये बाझेल येथील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. १९५७ च्या लास्कर पारितोषिकाच्या मानकऱ्यांत वकील यांचा समावेश झाला.

तथापि याच सुमारास एक वेगळी हकीकत पुढे येऊ लागली. रक्तदाबासाठी रेसर्पिन दीर्घकाळ व मोठ्या मात्रेत घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये खिन्नता व निरुत्साह दिसू लागल्याचे एडवर्ड फ्रीस यांनी १९५४ मध्ये नोंदविले. पुढे रेसर्पिनमुळे मेंदूतील सेरोटोनिनादी द्रव्यांचा साठा घटतो असे प्रयोगांती आढळले. या दोन गोष्टींची सांगड घालून, अशा द्रव्यांची उणीव म्हणजेच नैराश्य, ही उपपत्ती १९६० च्या दशकात प्रबळ झाली. म्हणजे एका संपूर्ण सिद्धान्ताच्या पायाशी एक आनुषंगिक परिणाम होता.

हा पाया समजला जात होता तितका भक्कम नव्हता, हेही येथेच नमूद करणे अगत्याचे आहे. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील डेव्हीस व शेफर्ड यांनी १९५५ मध्ये चिंताग्रस्त व खिन्न रुग्णांना हेच औषध दिले असता त्यांना लाभ झाल्याचे आढळले होते. परंतु ते निरीक्षण मागे पडले. रेसर्पिन आणि नैराश्य यांचा कार्यकारणसंबंध मानला जातो तितका सिद्ध नाही, असे प्रतिपादन २००३ मध्ये जुन्या पुराव्याच्या फेरतपासणीअंती करण्यात आले. रुग्णांच्या हकीकती नोंदविल्या गेल्या, पण त्यांतील सोयीस्कर तेवढ्याच सिद्धान्तात शिरल्या, असा याचा अर्थ होतो.

(३)

प्रत्यक्ष नैराश्यरोधक औषधांची कथाही अशीच आहे. आयप्रोनायझिड हे मूळचे क्षयरोगावरील औषध. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयातील क्षयरुग्णांना ते देण्यात आले, तेव्हा त्यांची भूक वाढली आणि चित्तवृत्ती उल्हसित झाल्या. क्षयाच्या दृष्टीने हा केवळ आनुषंगिक परिणाम होता. १९५७ मध्ये नेथन क्लाइन यांनी तोच मुख्य परिणाम मानून नैराश्यावर त्याचा प्रयोग केला. पुढे काही रुग्णांच्या यकृतास गंभीर अपाय झाल्यामुळे १९६१ मध्ये अमेरिकेत हे औषध मागे घेण्यात आले.

त्याच १९५७ साली स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगन येथील रोलंड कून यांनी इमिप्रामिनचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या वर्गातील औषधांनी तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठ होते, घाम सुटतो, लघवीस अडथळा येतो, आणि उठून उभे राहताना भोवळ येते. यांवरचे उपाय साधेच होते : मात्रा हळूहळू वाढविणे, गोळी रात्री घेणे, पाणी व तंतुमय अन्न वाढविणे, अंथरुणातून सावकाश उठणे. मात्र हे उपाय रुग्णाला कोणी सांगितले तरच उपयोगी पडत. औषधाचा गुण येण्यास दोन ते चार आठवडे लागतात आणि त्रास पहिल्याच आठवड्यात सुरू होतो. ज्याला हा क्रम आधी समजावून दिलेला नाही, त्याने औषध सोडून दिले तर त्यास हट्टी म्हणणे न्याय्य नव्हे.

रुग्णाच्या घरातून आलेल्या ज्ञानाचे सर्वांत बोलके उदाहरण १९६३ मधील आहे. आयप्रोनायझिडच्याच वर्गातील औषधे घेणाऱ्या काही रुग्णांना अकस्मात तीव्र डोकेदुखी होऊन रक्तदाब धोकादायक वाढत असे, आणि त्याचे कारण उलगडत नव्हते. नॉटिंगहॅमचे औषधविक्रेते रो यांनी आपल्या पत्नीला चीज खाल्ल्यानंतर असा त्रास होतो, हे ध्यानी घेऊन बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टरास पत्र लिहिले. ही कल्पना आरंभी कोणास फारशी पटण्याजोगी नव्हती. परंतु ब्लॅकवेल यांनी तिचा पाठपुरावा केला, आणि मुरविलेल्या चीजमधील टायरामीन या द्रव्याचा हा परिणाम असल्याचे निष्पन्न झाले. त्यातून वर्ज्य पदार्थांच्या याद्या तयार झाल्या. या याद्या युरोपीय पानावरून बनल्या होत्या. भाकरी, ठेचा आणि ताक यांच्या पानावर त्या जशाच्या तशा उतरविणे निरर्थक होते. पथ्य सांगणाऱ्याला रुग्ण काय खातो हे ठाऊक असावे लागते, हा त्यातला स्थायी बोध.

(४)

१९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली, आणि सेरोटोनिनवर निवडक कार्य करणाऱ्या औषधांचे युग सुरू झाले. जुन्या औषधांची मात्रा अधिक झाल्यास हृदयास जो धोका असे, तो या नव्या औषधांत पुष्कळ कमी होता, ही गोष्ट निर्विवाद होय. परंतु मळमळ, निद्रानाश, अस्वस्थता आणि कामजीवनातील अडचणी हे नवे उपद्रव त्यांच्याबरोबर आले.

यांपैकी शेवटच्या उपद्रवाचा इतिहास अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहावा असा आहे. स्पेनमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, आपण होऊन अशी तक्रार करणारे रुग्ण सुमारे १४ टक्के होते, तर डॉक्टरांनी स्पष्ट प्रश्न विचारल्यावर हेच प्रमाण सुमारे ५८ टक्के झाले. म्हणजे नोंदीतील मौन हा उपद्रव नसल्याचा पुरावा नव्हे, तो प्रश्न न विचारल्याचा पुरावा होय. इतिहासाच्या साधनांविषयी विद्यार्थ्यांना जे नेहमी सांगितले जाते, त्याचे हे वैद्यकीय रूप आहे.

औषध थांबविण्याविषयीही असेच घडले. गोळ्या एकाएकी बंद केल्यास चक्कर, चिडचिड, झोपमोड आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना होते, असे रुग्ण दीर्घकाळ सांगत होते. ही लक्षणे सौम्य असून आठवड्या-दोन आठवड्यांत शमतात, असे तज्ज्ञांचे मत होते. रुग्णांचा पाठपुरावा आणि नवा पुरावा यांमुळे २०१९ मध्ये ब्रिटनमधील मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने आपली भूमिका बदलली. काहींच्या बाबतीत ही लक्षणे तीव्र व दीर्घकालीन असू शकतात, म्हणून मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी, असे तेथे मान्य झाले. तरुण रुग्णांत उपचाराच्या आरंभी आत्मघाताचे विचार वाढू शकतात, याविषयीचा ठळक इशारा अमेरिकेत २००४ मध्ये देण्यात आला व २००७ मध्ये २४ वर्षे वयापर्यंत वाढविण्यात आला. औषधे टाकाऊ आहेत असा याचा अर्थ नाही. पहिल्या काही आठवड्यांत रुग्णावर कोणाची तरी नजर असली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

(५)

ही नजर कोणाची, हा प्रश्न मुंबईपेक्षा बीड जिल्ह्यात अधिक तीव्रतेने उभा राहतो. वकील यांचा निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा बीड निजामी राजवटीतून मुक्त होऊन जेमतेम एक वर्ष लोटले होते. १९५६ मध्ये हा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. राज्यातील जुनी मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे होती, मराठवाड्यात एकही नव्हते. १९७० च्या दशकात अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, ही या दृष्टीने मोठी घटना होय. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ मध्ये त्याची जिल्हावार योजना आली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ साली मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी राज्य शासनाने ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. औषध अशा रीतीने गावाच्या जवळ आले. त्याच्या आनुषंगिक परिणामांची विचारपूस तितकीच जवळ आली काय, हा प्रश्न मात्र वेगळा आहे.

बीड तालुक्यातील नारायणगड हे नगद नारायण महाराजांच्या नावाने ओळखले जाणारे वारकरी परंपरेचे क्षेत्र. ‘धाकटी पंढरी’ असा त्याचा लौकिक आहे. अशा क्षेत्राच्या परिसरात एकादशीचा उपवास हा दिनक्रमाचा भाग असतो. फ्लुओक्सेटिनसारख्या गोळ्यांनी होणारी मळमळ अन्नाबरोबर गोळी घेतल्यास बहुधा कमी होते. साबुदाणा वा भगर यांच्या फराळानंतर गोळी घेता येते, आणि व्रतही मोडत नाही. एवढे एक वाक्य वेळीच सांगितले गेले नाही, तर महिन्यातून दोनदा गोळी चुकण्याचा संभव निर्माण होतो. मनोविकारात दिल्या जाणाऱ्या लिथियमच्या बाबतीत धोका अधिक आहे. शरीरातील पाणी व मीठ घटल्यास त्याची रक्तातील पातळी वाढून विषबाधा होऊ शकते, म्हणून निर्जळी उपवास व उन्हातील पायी वारी यांविषयी आधी विचारणे आवश्यक ठरते.

दुसरी अडचण ऊसतोडीची. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातून मोठ्या संख्येने मजूर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, आणि एक दिवस चुकला तर ‘खाडा’ पडतो. रात्री घेतलेल्या गुंगी आणणाऱ्या गोळीचा अंमल पहाटे उसाच्या फडात उतरलेला नसेल, तर हातात कोयता असलेल्या माणसाला तो परवडणारा नाही. उन्हात भोवळ येणे हेही तसेच. अशा स्थितीत गोळी बंद करणे हा अविचार नसून पोटाचा हिशेब असतो. परंतु एकाएकी बंद केल्याने होणारा त्रास आणि आजाराची उलट यांतील फरक सांगणारे तेथे कोणी नसते, आणि ‘औषधानेच बिघडले’ असा ग्रह होऊन बसतो. गोळीची वेळ बदलणे, कमी गुंगीचे औषध निवडणे, निघण्यापूर्वी पुरेसा साठा देणे आणि कारखान्याजवळच्या केंद्राची चिठ्ठी देणे, हे उपाय वैद्याच्या हाती आहेत. त्यांसाठी रुग्ण कोणत्या महिन्यात कोठे असतो, एवढे विचारले गेले पाहिजे.

(६)

भारतात औषधांच्या प्रतिकूल परिणामांची नोंद करणारी सध्याची राष्ट्रीय व्यवस्था २०१० मध्ये उभी राहिली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्यापुढचे पाऊल टाकले. त्याच्या २२ व्या कलमान्वये, नियोजित उपचाराचे ज्ञात आनुषंगिक परिणाम जाणून घेणे हा रुग्णाचा हक्क ठरला, आणि ही माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत व स्वरूपात दिली पाहिजे असे बंधन घातले गेले. वैद्याच्या सौजन्यावर सोपविलेली गोष्ट अशा रीतीने कायद्याच्या कक्षेत आली.

सारांश, रेसर्पिनपासून २०१९ पर्यंतच्या या वाटचालीत एक गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते. आनुषंगिक परिणामांवर मात करण्याचे साधन बहुतेक वेळा नवे रसायन नसून वेळेवर विचारलेला प्रश्न आणि विश्वासाने दिलेले उत्तर हे होते. रोबाईंची डोकेदुखी पत्रातून डॉक्टरांपर्यंत पोहोचली, म्हणून ती इतिहासात राहिली. नारायणगडच्या परिसरातील एखाद्या बाईची कोरड, भोवळ वा मूकपणे सोडलेली गोळी कोणत्याच कागदावर नाही. केसपेपरांवर औषधाचे नाव आणि मात्रा असते, घेणाऱ्याचे म्हणणे नसते. मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांना मौखिक साधनांच्या संकलनासाठी येथे विस्तीर्ण क्षेत्र मोकळे आहे. ते काम जितके लांबेल, तितक्या साक्षी नष्ट होतील. आणि त्या नष्ट झाल्याची हानी केवळ इतिहासाची नसून पुढच्या रुग्णाचीही असेल.