पडद्यामागच्या भगिनी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत काहीतरी लिहा, असा अध्यक्षबाईंचा आग्रह झाला. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी, लेखिका नव्हे. परंतु सिनेमाची हौस मला लहानपणापासून, आणि त्याविषयी हाती येईल ते वाचण्याचीही. म्हणून मराठी चित्रपटाच्या इतिहासात बायकांचा हात कोठे कोठे लागला, ते भगिनींपुढे मांडते.

दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, हे शाळेतली पोरेही सांगतील. परंतु त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचे नाव कितीजणींना ठाऊक आहे? त्या काळी कोऱ्या फिल्मच्या पट्टीला कडेची भोके स्वतःच पाडावी लागत. अंधारात बसून ती भोके पाडावयाची, फिल्म धुवावयाची, उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेड टाकावयाचा, ही कामे सरस्वतीबाईंनी केली. शिवाय कंपनीतल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडेच. पैसा अडला तेव्हा अंगावरचे दागिनेही काढून दिले. चित्रपट काढणे म्हणतात ते याहून निराळे काय असते? पण नाव झाले ते एकट्या दादासाहेबांचे.

त्या चित्रपटात तारामती झाले ते अण्णा साळुंके. तोंडाला रंग लावावयास बाई मिळेना! त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर' निघाला, तेव्हा नाटकात काम करून मुलीला वाढविणाऱ्या दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमला मोहिनी झाली. मायलेकींनी लोकनिंदेला न जुमानता ती वाट मोकळी केली.

पडद्यावर येणे अवघड, पण चार पुरुषांना 'असे उभे राहा, तसे बोला' असे सांगणे त्याहून अवघड. आपल्या देशात ते प्रथम केले फातिमा बेगम यांनी, १९२६ साली 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित करून. मराठी घरातल्या शोभना समर्थ यांनी १९५० साली 'हमारी बेटी' काढला, दिग्दर्शनही स्वतःच केले आणि आपली लेक नूतन हिला पुढे आणले. सई परांजपे यांचा 'स्पर्श' १९८० सालचा. त्यांच्या १९९० च्या 'दिशा'त वर्षानुवर्षे विहीर खणणारा शेतकरी आहे आणि पोटासाठी मुंबईची गिरणी गाठणारा गडी आहे. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या आपल्या भागातल्या बायांना ती गोष्ट परकी वाटणार नाही. स्मिता तळवलकर यांनी १९९३ साली 'सवत माझी लाडकी' दिग्दर्शित करून घराघरांत हसू पोहोचविले.

मला सर्वांत जवळच्या वाटतात त्या पुण्याच्या सुमित्रा भावे. त्या समाजकार्याच्या अभ्यासक. गरीब बायांची दुःखे कागदावर मांडली तरी त्या बायांना ती वाचता येत नाहीत. मग त्यांना पाहता येईल असे का करू नये, या विचाराने त्यांनी १९८५ साली 'बाई' हा लघुपट केला. तेव्हा त्यांचे वय बेचाळीस होते आणि सिनेमाचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. त्या लघुपटास राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. पुढे सुनील सुकथनकर यांच्यासह त्यांनी 'दोघी', 'दहावी फ', 'देवराई', 'अस्तु' असे चित्रपट केले. 'कासव' या चित्रपटास २०१७ साली सुवर्णकमळ जाहीर झाले. २०२१ साली त्या निवर्तल्या. चाळिशी उलटली म्हणजे बाईचे शिकणे संपले, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरे आहे.

भगिनींनो, आता आपण काय करावे? पुरस्कार देणे आपल्या हाती नाही. परंतु महिन्यातून एकदा मंडळात एकत्र बसून बाईने केलेला एक चित्रपट पाहणे आणि त्यावर मोकळेपणी बोलणे आपल्याला सहज जमेल. सिनेमा लागला की सुरुवातीची नावे वाचावी. दिग्दर्शन कोणाचे, कपडे कोणी शिवले, तुकडे कोणी जोडले, हे लेकीसुनांना दाखवावे.

आणखी एक. आज पोरींच्या हाती मोबाईल आहे आणि त्यात चित्रे घेण्याची सोय आहे. उद्या एखादी पोर वावरात कापूस वेचणाऱ्या आईची, नाहीतर पाण्याच्या रांगेची गोष्ट त्यात टिपू लागली, तर 'हे काय खूळ?' म्हणून तिचा हिरमोड करू नये. तिला चार घटका कामातून मोकळीक द्यावी. सरस्वतीबाईंना ती कधी मिळाली नाही. रात्रीची जागरणे करून त्यांनी ते काम केले. आपल्या लेकींना ते जागरण नको, आणि त्यांचे नाव मात्र पडद्यावर यावे, एवढीच इच्छा.