ब्रायंट, रॉबिन्सन आणि जयांची वही

अमेरिकेंत ज्यास फुटबॉल म्हणतात तो आमच्याकडील फुटबॉल नव्हे. त्यांत चेंडूस पायाचा स्पर्श क्वचित् होतो. तो बहुधा काखेंत घट्ट धरून प्रतिपक्षाची फळी फोडीत न्यावयाचा असतो. गंमत अशी कीं, ज्या सामन्यास या खेळाचा आरंभ मानितात त्या ६ नोव्हेंबर १८६९ च्या रटगर्स-प्रिन्स्टन सामन्यांत चेंडू उचलून पळण्यास मनाईच होती! पुढें हा खेळ तेथील विद्यापीठांचा जणूं कुलाचार होऊन बसला. शरदऋतूंतील शनिवारीं मोठ्या मैदानांवर लाखाचा समुदाय जमतो, आणि माणसें घरीं परतलीं तरी वाद आटोपत नाहीं. वादाचे विषय मुख्यत्वें दोन असतात. चेंडू घेऊन धांवणारा गडी, ज्यास ‘रनिंग बॅक’ म्हणतात, तो कोणाचा श्रेष्ठ. आणि कोणत्या प्रशिक्षकाच्या पदरीं जय अधिक.

दोन्ही वादांत शपथ आंकड्यांची घेतली जाते. परंतु आंकडा बोलूं लागण्यापूर्वीं तो कोणीं तरी मांडिलेला असतो, हें वादाच्या भरांत विसरलें जातें. १९८८ सालीं ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सनें ११ सामन्यांत २,६२८ यार्डांची धांव घेतली. २०२४ सालीं बॉइझी स्टेटचा अ‍ॅश्टन जेन्टी १४ सामने खेळूनहि २,६०१ यार्डांवर थांबला. सँडर्सनें हंगामाअखेरच्या ‘बाउल’ सामन्यांत काढलेले २२२ यार्ड तर हिशेबांत नाहींतच. कारण तसले यार्ड २००२ पासून जमेस धरूं लागले. जयांचीहि तीच कथा. पेन स्टेटच्या जो पॅटर्नोचे १११ जय, मुलांवरील अत्याचारांच्या प्रकरणीं विद्यापीठास झालेल्या शासनाचा भाग म्हणून, २०१२ सालीं वहींतून खोडण्यांत आले आणि २०१५ सालीं पुनः लिहिण्यांत आले. हे वाद मनोरंजक खरे, पण आम्हांस त्याहून जुना एक वाद अधिक विचार करण्यासारखा वाटतो.

अ‍ॅलाबामा विद्यापीठाचा प्रशिक्षक पॉल ब्रायंट यानें २८ नोव्हेंबर १९८१ रोजीं ऑबर्नचा पराभव करून एमॉस अलोन्झो स्टॅग याचा ३१४ जयांचा उच्चांक मागें टाकिला. १९८२ अखेर तो निवृत्त झाला तेव्हां त्याच्या नांवावर ३२३ जय होते. पुढें चार आठवड्यांतच तो वारला. अ‍ॅलाबामांत त्याची भक्ति होते, आणि ती अगदींच अस्थानीं आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. मात्र ५ ऑक्टोबर १९८५ रोजीं लुइझियानांतील ग्रँब्लिंग या लहानशा महाविद्यालयाच्या एडी रॉबिन्सननें आपला ३२४ वा जय मिळविला, आणि ब्रायंटच्या भक्तांनीं लागलीच आक्षेप घेतला: रॉबिन्सनचे प्रतिस्पर्धी दुबळे, त्याचे जय या तराजूंत घालूं नयेत.

आक्षेप सर्वस्वीं पोकळ नाहीं. मोठ्या विद्यापीठांशीं दर शनिवारीं झुंजणें आणि लहान महाविद्यालयांशीं खेळणें यांत अंतर आहेच. परंतु रॉबिन्सन लहान महाविद्यालयांशीं कां खेळत होता? १९४१ सालीं त्यानें काम पत्करलें तेव्हां दक्षिणेंत कृष्णवर्णी माणसास गोऱ्यांच्या विद्यापीठांत ना शिकतां येई ना शिकवितां. वाटेवरील खाणावळी आपल्या गड्यांस वाढणार नाहींत म्हणून तो सँडविच करून बरोबर घेई; मैदानावरील रेघा आंखण्याचें कामहि त्याचेंच. १९४२ च्या हंगामांत त्याच्या संघाविरुद्ध एकाहि प्रतिस्पर्ध्यास एक गुणहि मिळवितां आला नाहीं. त्याचा धांवता गडी पॉल यंगर हा १९४९ सालीं लॉस एंजलिसच्या रॅम्स संघांत दाखल झाला. कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांतून व्यावसायिक लीगमध्यें जाणारा तो पहिलाच. दक्षिणेंतील असे गडी गोऱ्या विद्यापीठांस नकोत, म्हणून तर ते ग्रँब्लिंगसारख्या ठिकाणीं येत. आतां तराजू उलटून पाहूं. अ‍ॅलाबामा ज्या आग्नेय परिषदेंत खेळे, तींत १९६७ पर्यंत फुटबॉलच्या मैदानांत एकहि कृष्णवर्णी गडी उतरला नव्हता. मग दुबळ्या प्रतिस्पर्ध्याचा आक्षेप दोघांसहि थोडाफार लागूं होत नाहीं काय?

येथेंच सॅम कनिंगहॅमची प्रसिद्ध आख्यायिका येते. ११ जून १९६३ रोजीं दोन कृष्णवर्णी विद्यार्थ्यांचा प्रवेश रोखण्यासाठीं राज्यपाल जॉर्ज वॉलेस ज्या विद्यापीठाच्या दारांत उभा राहिला, तें अ‍ॅलाबामाच. सात वर्षांनीं, १२ सप्टेंबर १९७० रोजीं, बर्मिंगहॅमच्या लीजन फील्डवर कॅलिफोर्नियाचा सदर्न कॅल संघ खेळावयास आला. त्यांतील कनिंगहॅमनें १२ धांवांत १३५ यार्ड काढले, दोन टचडाउन केले, आणि ४२-२१ असा पाहुण्यांचा जय झाला. त्याचा जोडीदार क्लॅरेन्स डेव्हिस हा तर बर्मिंगहॅमलाच जन्मलेला; जन्मगांवीं तो परका होऊन खेळला. सांगतात तें असें: ब्रायंटनें कनिंगहॅमला आपल्या पराभूत गड्यांपुढें नेऊन उभें केलें, खरा गडी कसा असतो तें दाखविलें, आणि त्या एका सायंकाळीं अ‍ॅलाबामाचें मन पालटलें.

गोष्ट गोड आहे, आणि म्हणूनच तिच्याकडे सावधपणें पाहिलें पाहिजे. कपडे बदलण्याच्या खोलींतील त्या प्रसंगाविषयीं तेथें असणाऱ्यांच्याच सांगण्यांत मेळ नाहीं. शिवाय कृष्णवर्णी खेळाडूंस घेत नाहीं म्हणून विद्यापीठांतील कृष्णवर्णी विद्यार्थ्यांच्या संघटनेनें १९६९ सालींच ब्रायंटविरुद्ध फिर्याद केली होती. आणि ओझार्क गांवचा विल्बर जॅक्सन, हाहि धांवता गडीच, कनिंगहॅम येण्यापूर्वींच अ‍ॅलाबामाच्या शिष्यवृत्तीवर दाखल झाला होता; पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास मुख्य संघांत खेळण्याची त्या काळीं मुभा नसल्यामुळें तो त्या सायंकाळीं बाहेर बसून होता. दार उघडण्याचें श्रेय मोठ्या प्रशिक्षकाच्या औदार्यास आणि एका पाहुण्याच्या पराक्रमास देणें रसिकांस रुचतें. कोर्टांत अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यांचे यार्ड मात्र कोणी मोजीत नाहीं.

रॉबिन्सन १९९७ मध्यें ४०८ जय पदरीं घेऊन थांबला. ब्रायंटचे ३२३ मात्र एकदां उकलून पाहण्यासारखे आहेत. मेरीलंडचे ६, केंटकीचे ६०, टेक्सस ए अँड एमचे २५ आणि अ‍ॅलाबामाचे १९७० अखेरचे १०८ मिळून १९९ जय होतात; या साऱ्या सामन्यांत त्याच्या बाजूनें केवळ गोरे गडी खेळले. १० सप्टेंबर १९७१ रोजीं लॉस एंजलिस येथें त्याच सदर्न कॅलशीं पुनः गांठ पडली. अ‍ॅलाबामाच्या बचावफळींत जॉन मिचेल हा पहिला कृष्णवर्णी गडी उतरला, आणि अ‍ॅलाबामा १७-१० नें जिंकलें. ब्रायंटच्या वहींतील तो दोनशेंवा जय होता.