अहमदनगर लिहू की अहिल्यानगर? परदेशी फॉर्ममागचा दोनशे वर्षांचा इतिहास

गेल्या वर्षभरात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न राजकारणाचा नाही. "सर, मुलगा थायलंडला चाललाय, फॉर्ममध्ये जन्मगाव अहमदनगर टाकायचं की अहिल्यानगर?" हा आहे. कुणी दुबईला कामाला निघालंय, कुणाची मुलगी जर्मनीला शिकायला चाललीय, कुणी सिंगापूर-मलेशियाची टूर बुक केलीय. प्रश्न सगळ्यांचा एकच.

उत्तर आधीच देऊन टाकतो. पासपोर्टवर जे छापलंय तेच लिहा. नाव बदलल्याचं अधिकृत शिक्कामोर्तब ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं. पण म्हणून जुन्या नावाचा पासपोर्ट बाद होत नाही. पलीकडचा अधिकारी आपल्या नामांतराचा वाद सोडवायला बसलेला नसतो. फॉर्मवरचं पासपोर्टशी जुळतंय का, एवढंच तो बघतो.

पण विचारणाऱ्याच्या आवाजात जी धाकधूक असते, तिच्याबद्दल आज लिहायचंय. "एका शब्दावरून परत तर पाठवणार नाहीत ना?" ही भीती उगाच आलेली नाही. तिला मोठा इतिहास आहे, आणि गंमत म्हणजे त्यात आपलं नगर दोन्ही बाजूंनी सापडतं.

आधी बाहेरून इकडे आलेल्यांचं बघू. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात परवान्याशिवाय कुणा गोऱ्यालाही कंपनीच्या मुलखात राहता येत नसे. फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. कलकत्त्याहून त्यांना आधीच निघायला सांगितलं होतं. वर तेव्हा इंग्लंड आणि अमेरिकेचं युद्ध चालू, म्हणजे शत्रूदेशाची माणसं. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्या सरकारने त्यांना इंग्लंडला धाडायचं ठरवलं. दोघे गुपचूप कोचीनकडे निसटले, तर तिथून परत आणले गेले. मग अर्ज, विनंत्या, पत्रं. शेवटी राहू दिलं. त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना परवाना मिळण्याची वाटही उघडली.

यातून उभं राहिलं ते अमेरिकन मराठी मिशन. १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणं केलं. आपल्याकडच्या मुलींच्या जुन्या शाळा, सावित्रीबाई फुल्यांच्या शिक्षक-प्रशिक्षणाशी जिचं नाव जोडलं जातं ती सिंथिया फरारबाई, पुढे रेव्हरंड टिळक, हे सगळं त्याच मिशनशी जोडलेलं. १८१३ मध्ये त्या दोघांना खरंच जहाजावर चढवलं असतं, तर नगरच्या शिक्षणाचा इतिहास कसा झाला असता, विचार करा.

पण त्या दोघांच्या हातात एक गोष्ट होती. त्यांना इंग्रजी येत होतं. आपली बाजू ते स्वतः लिहून मांडू शकले. ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांचं काय झालं?

त्यासाठी मॉरिशसला जावं लागेल. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ॲटलस नावाचं जहाज ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. ही गिरमिटाची सुरुवात. पुढे साडेचार लाखांच्या आसपास माणसं त्या बेटावर गेली. बहुतेक बिहार आणि दक्षिणेकडची, पण मुंबई बंदरातून मराठी माणसंही गेली. रत्नागिरी भागातली त्यात बरीच. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवून घेतात आणि गणपती बसवतात. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते.

हे लोक ज्या धक्क्यावर उतरले तो आज आप्रवासी घाट म्हणून ओळखला जातो. २००६ पासून तो जागतिक वारसा आहे. तिथे प्रत्येकाची नोंद व्हायची. नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरची खूण. नंतरच्या काळात फोटोसुद्धा. प्रत्येकाला एक नंबर. ही रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवलेली आहेत.

आता त्या टेबलासमोर उभं राहून बघा. सांगणारा त्याच्या बोलीत सांगतोय, लिहिणारा त्याच्या कानाला लागेल तसं रोमन लिपीत उतरवतोय. नाव, बापाचं नाव, आडनाव ही आपली पद्धत त्या रकान्यांत बसेना. कितीतरी घराण्यांत पणजोबाचं पहिलं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं, तेही कारकुनाच्या स्पेलिंगात. मूळ गाव शोधायला आज त्यांची पतवंडं भारतात येतात, तेव्हा हातात त्याच नोंदीची प्रत असते. गावाचं स्पेलिंग भलतंच पडलेलं असेल तर शोध तिथेच अडतो.

दुसऱ्याने आपल्या वतीने भरलेल्या फॉर्मची किंमत ही अशी.

आता पासपोर्ट. आज तो नसताना परदेशाची कल्पनाही करवत नाही. पण सर्वसामान्य प्रवाशाला पासपोर्ट सक्तीचा झाला तो पहिल्या महायुद्धात. त्याआधी कॅनडाने भारतीयांना रोखायला नियम काढला होता, की मायदेशातून थेट, न थांबता आलात तरच प्रवेश. तेव्हा भारतातून तशी बोटच नव्हती! १९१४ मध्ये कोमागाटा मारू ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला गेली आणि बहुतेकांना उतरूही न देता परत पाठवलं. तेवढ्यात महायुद्ध पेटलं. डिफेन्स ऑफ इंडिया कायद्याखाली देशात येण्या-जाण्याला पासपोर्ट लागू झाला. युद्ध संपलं तरी सरकारला सवय लागली होती. १९२० मध्ये त्याचा कायमचा कायदा झाला.

आणि याच युद्धात नगरला काय चालू होतं? भारतभरातून पकडलेले जर्मन नगरच्या छावणीत आणून डांबले जात होते. व्यापारी होते, मिशनरी होते, वर्षानुवर्षं इथे राहिलेले लोक होते. त्यांचा गुन्हा एकच, राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'जर्मन'. त्याआधी १९०१ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतले बोअर युद्धकैदीही इथे ठेवले होते. म्हणजे फॉर्ममधला एक शब्द माणसाला कुठे नेऊन ठेवू शकतो, हे आपल्या गावाने जवळून बघितलंय.

स्वातंत्र्यानंतरही पासपोर्ट देणं न देणं सरकारच्या मर्जीवर होतं. १० एप्रिल १९६७ रोजी सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, कायद्याशिवाय ते अडवता येणार नाही. त्याच वर्षी जूनमध्ये पासपोर्ट कायदा आला. आज आपल्या खेड्यातलं पोरगंही हक्काने पासपोर्ट मागतं, ते या निकालामुळे.

गिरमिटाची सावली मात्र पूर्ण गेलेली नाही. साधारणपणे दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असतं आणि आखातासह १८ देशांत नोकरीला जाताना परवानगी लागते. ती देणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम आजही 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' आहे. हे पद गिरमिटाच्या काळापासूनचं.

आता आजचं. परत येणाऱ्या भारतीयांसाठीचा आगमन फॉर्म २०१४ मध्ये बंद झाला, विमानतळावरचं निर्गमन कार्ड १ जुलै २०१७ पासून. ते १९२० आणि १९४६ चे जुने कायदेही गेले. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदा लागू झाला. पण प्रश्न संपले नाहीत, मोबाईलवर आले. शिर्डीत किंवा मेहेराबादला परदेशी भक्त उतरला की त्याची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन कळवावी लागते. आणि आपण बाहेर निघालो की सिंगापूर, मलेशिया, थायलंड (१ मे २०२५ पासून) यांचं डिजिटल कार्ड भरावं लागतं.

इथेच मला काळजी वाटते. बहुतेक जण फॉर्म स्वतः भरत नाहीत. एजंट भरतो, नाहीतर सायबर कॅफेवाला. म्हणून चार गोष्टी सांगतो:

१. वर सांगितलेल्या तिन्ही देशांची कार्डं फुकट आहेत. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत, त्या देशाच्या सरकारी साइटवरच भरा. पैसे मागणारी साइट दिसली की समजा, आपण भलतीकडे आलोय.

२. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव असेल तर दोन्ही तसंच लिहा. सूनबाईंचं पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तर तेच.

३. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तिकीट काढण्याआधी चौकशी करा. २०२२ मध्ये युएईने एकाच नावाच्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसाला अडवणूक सुरू केली होती.

४. दुसऱ्याने भरला तरी सबमिटच्या आधी स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. खाली जाहीरनामा आपल्या नावाने असतो, एजंटच्या नाही.

मॉरिशसच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या त्या माणसाला आपलं नाव कसं लिहिलं गेलं, हे बघायची सोय नव्हती. आपल्याला आहे. पोस्ट लांबली, पण घरातलं कुणी बाहेर जाणार असेल तर त्यांना जरूर पाठवा. आणि कुणाच्या घरात आजोबा-पणजोबांचे जुने पासपोर्ट, बोटीचे कागद असतील तर कमेंटमध्ये सांगा. नंबर झाकून फोटो टाकलात तर फारच छान.