कादंबरीआधी आलेलं मुखपृष्ठ

१९२२ साली एफ. स्कॉट फिट्झजेराल्डची 'द ब्युटिफुल अँड डॅम्ड' ही कादंबरी आली, तेव्हा तिच्या मुखपृष्ठावरून लेखकाचं डोकं तापलं होतं. डब्ल्यू. ई. हिल या चित्रकाराने पार्टीच्या पोशाखातलं एक जोडपं रंगवलं होतं. बाई फिट्झजेराल्डच्या बायकोसारखी, झेल्डासारखी दिसत होती आणि त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पण पुरुष म्हणजे आपलीच वाया गेलेली आवृत्ती आहे, असं त्याने संपादक मॅक्सवेल पर्किन्सला चिडून कळवलं. हिलचा हात सफाईदार होता, यात शंका नाही. पण नायक-नायिका कसे दिसतात हे वाचकाने पहिलं पान उघडण्याआधीच त्याने ठरवून टाकलं.

पुढच्या कादंबरीच्या, म्हणजे 'द ग्रेट गॅट्सबी'च्या वेळी वारं फिरलं. ऑगस्ट १९२४मध्ये फिट्झजेराल्ड फ्रान्समध्ये होता. हस्तलिखित पुरं झालेलं नव्हतं, नावही पक्कं नव्हतं. तरी त्याने पर्किन्सला विनवलं की माझ्यासाठी राखून ठेवलेलं ते मुखपृष्ठ दुसऱ्या कुणाला देऊ नका, मी ते कादंबरीत लिहून टाकलं आहे. मुखपृष्ठाचं चित्र गोष्टीवरून निघतं हा या धंद्यातला रिवाज. इथे गोष्टीनेच चित्राकडून काहीतरी उचललं होतं.

चित्र होतं फ्रान्सिस कुगाटचं. मूळचा स्पेनचा, क्यूबात वाढलेला हा चित्रकार. बँडवाला म्हणून गाजलेला झेवियर कुगाट त्याचा भाऊ. या कामाचे त्याला १०० डॉलर मिळाले. अपारदर्शक जलरंगात रंगवलेली गडद निळी रात्र, तिच्यात तरंगणारे दोन डोळे, खाली लालभडक ओठ. नाक नाही, चेहऱ्याची कड नाही. एका डोळ्याखाली हिरवट अश्रूची रेघ. तळाशी जत्रेत असावा तसा दिव्यांचा झगमगाट. नीट निरखलं तर बुबुळांत रेललेल्या नग्न स्त्रिया दिसतात. कादंबरीतला एकही प्रसंग यात नाही आणि हीच या चित्राची खरी ताकद. हाव, उत्सव आणि रडू एकाच वेळी डोळ्यांत भरतं, पण नायिका डेझी कशी दिसते हे ठरवायला वाचक मोकळा राहतो.

फिट्झजेराल्डने नेमकं काय 'लिहून टाकलं' यावर अभ्यासक अजून भांडतात. काहींना रस्त्याकडेच्या जाहिरातीतले डॉक्टर एकलबर्गचे चष्म्याआडचे अवाढव्य डोळे आठवतात. त्यांनाही नाक नाही. काही जण निवेदक निकच्या मनात शहराच्या अंधारावर तरंगणाऱ्या मुलीच्या चेहऱ्याकडे बोट दाखवतात. दोन्ही जागा वाचून पुस्तक मिटलं की मुखपृष्ठ पहिल्यापेक्षा वेगळं दिसतं, एवढं खरं. प्रसंगाऐवजी भावना रंगवणारं चित्र मुखपृष्ठ म्हणून उतरलं की नाही, याची याहून चांगली कसोटी सापडणं कठीण आहे. दुकानात नजर खेचणं हे त्याचं अर्धंच काम.

ते अर्धं काम मात्र या चित्राला फारसं जमलं नाही. 'द ग्रेट गॅट्सबी' १० एप्रिल १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर्सने काढली. पहिली आवृत्ती २०,८७० प्रतींची होती. ऑगस्टमध्ये आणखी ३,००० छापल्या, आणि १९४०मध्ये लेखक वारला तेव्हा त्यातल्या काही गोदामातच पडून होत्या. पॅरिसमध्ये अर्नेस्ट हेमिंग्वेच्या हाती प्रत आली, तेव्हा त्याला त्या भडक वेष्टणाची लाज वाटली. हे एखाद्या सुमार विज्ञानकथेचं मुखपृष्ठ वाटतं, असं त्याने पुढे आठवणींत लिहिलं. फिट्झजेराल्डनेही त्याला सांगितलं म्हणे की मला ते आधी आवडलं होतं, आता आवडत नाही. हेमिंग्वेचं मत उडवून लावण्याजोगं नाही. रंग भडक आहेतच. पण गॅट्सबीच्या मेजवान्याही भडकच होत्या, आणि सौम्य, सुसंस्कृत चित्राने त्या पुस्तकाशी खोटेपणा केला असता.

त्या काळी अमेरिकेत कागदी वेष्टण बहुधा फेकून दिलं जाई. टिकायची ती कापडी बांधणी. म्हणून मूळ वेष्टणासह पहिल्या आवृत्तीची प्रत आज लाखाहून अधिक डॉलरना जाते. त्या वेष्टणाच्या मागच्या मजकुरात 'जे' गॅट्सबीचं पहिलं अक्षर चुकून लहान लिपीत पडलं होतं आणि ते हाताने दुरुस्त केलेलं आढळतं. कुगाटचं मूळ चित्रसुद्धा प्रकाशनसंस्थेच्या टाकाऊ सामानात गेलं होतं. स्क्रिब्नर घराण्यातल्या एका नातलगाने उचलून घेतलं म्हणून वाचलं. आता ते प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. १९७९मध्ये चार्ल्स स्क्रिब्नर तिसरे यांनी ते पेपरबॅकवर परत आणलं आणि तेव्हापासून शाळा-कॉलेजांतल्या कितीतरी पिढ्यांनी कादंबरी याच डोळ्यांखाली वाचली.

कुगाट पुढे हॉलिवूडमध्ये टेक्निकलरच्या सिनेमांचा रंगसल्लागार झाला. २०१३मध्ये कादंबरीवरचा बाझ लुहरमनचा चित्रपट आला, तेव्हा लिओनार्दो डिकॅप्रिओचं छायाचित्र असलेली आवृत्ती बाजारात उतरली. मोठ्या साखळी दुकानांनी ती मांडली, तर अमेरिकेतल्या काही स्वतंत्र पुस्तकविक्रेत्यांनी ती ठेवायला नकार देऊन कुगाटचीच आवृत्ती विकली.